फुटामागे एक सूत

अंबरनाथच्या त्या कारखान्यात एक नियम होता. तो कुठल्या फलकावर लिहिलेला नव्हता, पण गेटवरच्या पहारेकऱ्यापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना पाठ होता. बढती मिळायची ती क्वार्टर्समध्ये राहणाऱ्याला. ज्याच्या डोक्यावर कंपनीचं छप्पर, तो आज सांगितलं तर परवा ट्रंक भरून निघू शकतो. ज्याने स्वतःचं घर बांधलं, तो खुंट्याला बांधला गेला. त्याला दरसाल ठरलेली पगारवाढ मिळे, वरची खुर्ची मिळत नसे.

हे सगळं ठाऊक असून चिंतामणी टिपणीसने १९५४ साली बदलापुरात, बेलवलीला, घर बांधलं.

चिंतामणी पॅटर्नमेकर होता. यंत्राचा एखादा भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. त्या लाकडी नमुन्याचा ठसा वाळूत घ्यायचा, नमुना काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. तोवर सतरा वर्षं चिंतामणी असे नमुने घडवत आला होता. पंपांची धडं, लेथचे पाय, दात्यांची चाकं, जे जे त्याच्या हातून उतरलं ते वाळूत दाबलं गेलं आणि लोखंड होऊन भलत्याच्याच नावाने गावोगाव गेलं. स्वतःजवळ ठेवण्यासाठी म्हणून त्याने घडवलेली पहिली वस्तू म्हणजे हे घर.

बेलवलीच्या सहकारी गृहरचना मंडळीत त्याने जागा घेतली. नकाशा मंडळीच्या ओव्हरसियरने काढून दिला. दारं, खिडक्या, छपराच्या कैच्या चिंतामणीने दर रविवारी मांडवाखाली बसून स्वतः केल्या. भिंती बांधल्या देऊ ठाकराने. देऊ बारवीकडच्या डोंगरातल्या, ठाकर आदिवासींच्या वाडीचा. लढाईच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उठल्या तेव्हा तो मजूर म्हणून गेला होता आणि गवंडी होऊन परतला होता. त्याच बराकींत पुढे सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. "ठाकराला गवंडीकाम देतोस?" असं मंडळीतल्या चौघांनी चिंतामणीला विचारलं होतं. भिंत छताला लागली तेव्हा त्याच चौघांनी देऊला आपापल्या पायाचं काम सांगितलं.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. चिंतामणीने ते पाहिलं आणि त्याला ते आवडलं. कामावरून आल्यावर तो आधी ओसरीवर उभा राहून दाराची चौकट डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघे आणि मगच आत जाई. त्याची बायको उमा म्हणे, "दाराला नमस्कार झाला असेल तर हातपाय धुवा."

दोन वर्षं अशी गेली. छप्पन सालच्या श्रावणात मॅनेजर मोडकसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हुबळीला कंपनी नवी फाउंड्री घालते आहे," मोडक म्हणाले. "पॅटर्न शॉपला फोरमन पाहिजे. दोन नावं आहेत. एक तुमचं, एक हरिचंद्रचं."

हरिचंद्र चिंतामणीच्या शेजारच्या बाकावर काम करायचा. हात चांगला होता, जीभ त्याहून तेज होती, आणि तो क्वार्टर्समध्ये राहत होता.

"घरवाल्या माणसाला मी विचारतसुद्धा नाही," मोडक म्हणाले. "पण हात बघितला तर तुम्ही सरस आहात, म्हणून विचारतोय. दसऱ्यापर्यंत वेळ देतो. मोकळे होऊन या. एक पाय बेलवलीत ठेवून हुबळीची फाउंड्री चालणार नाही. नाही जमलं तर हरिचंद्र जाईल आणि मला वाईट वाटणार नाही."

त्या संध्याकाळी चिंतामणी दाराकडे न बघताच आत गेला. उमाने लगेच ओळखलं.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. पगार दीडपट, हाताखाली बारा माणसं, दारावर नावाची पाटी.

"मग यात तोंड पाडण्यासारखं काय आहे?" उमा म्हणाली. "घर भाड्याने देऊ."

"भाडेकरू एकदा शिरला की कायद्याने तो निघत नाही. मंडळीचे सेक्रेटरी गुप्ते, त्यांचं कल्याणचं घर बघतेस ना? मालक बाहेर, भाडेकरू आत."

"कुलूप लावू."

"रिकामं घर सरकार ताब्यात घेतं म्हणतात. आणि मोडकांना ते चालणार नाही. मोकळे व्हा, म्हणाले."

उमा म्हणाली, "म्हणजे विकायचं."

"म्हणजे विकायचं."

"एकोणीस वर्षं त्या खुर्चीची वाट बघितलीत."

"आणि घराची?" चिंतामणी म्हणाला. "घराची त्याहून जास्त."

वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. चिंतामणीचं लहानपण दुसऱ्यांच्या भिंतींत गेलं होतं. मात्र हुबळीला हरिचंद्र गेला तर उरलेली सोळा-सतरा वर्षं त्याच बाकावर बसून, हरिचंद्रासारख्यांनी पाठवलेली ड्रॉइंग्ज वाचत काढायची, हेही त्याला दिसत होतं. आठ दिवस तो नीट जेवला नाही. नवव्या दिवशी त्याने सांगून टाकलं, "गिऱ्हाईक बघू."

गिऱ्हाईक उल्हासनगरहून आलं. लछमनदास हा लोखंडी पत्र्याच्या ट्रंका बनवणारा. त्याचा कारखाना चार नंबर कॅम्पात, बराकीच्याच एका खोलीत, आणि बिऱ्हाड बाजूच्या खोलीत. सिंधमध्ये सोडून आलेल्या घराच्या भरपाईचा क्लेम मंजूर झाला होता आणि त्याला आता बराकीतल्या पडद्याच्या नव्हे, विटेच्या भिंती हव्या होत्या. रविवारी सकाळी तो आला, ओसरीवर चपला काढल्या आणि "नमस्ते साईं, नमस्ते माताजी" म्हणत सरळ आत गेला. चिंतामणीची आई, माई, त्याला पाणी द्यायला उठेपर्यंत त्याने खिशातून पोलादी फीत काढून खोली मोजायला घेतली होती.

"साईं," तो म्हणाला, "नकाशात ही खोली बारा फूट. बरोबर?"

"बारा फूट."

"इथे बारा फूट दीड इंच आहे."

चिंतामणी हसला. "तुमची फीत ताणली गेली असेल."

"ट्रंकवाल्याची फीत ताणली गेली तर झाकण बसेल काय?"

हे चिंतामणीला लागलं. त्याने कामाच्या पिशवीतून आपली दोन फुटी पट्टी आणली, गुडघ्यांवर बसला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेला. बारा फूट, केसाइतका फरक नाही. त्याने मान वर करून लछमनदासकडे पाहिलं. लछमनदास वाकला आणि आपली फीत त्या पट्टीला लावून धरली.

पट्टीवर दोन फूट संपले तेव्हा फितीवर दोन फूट पाव इंच झाले होते.

चिंतामणीने पट्टी उलटी केली, सरळ केली. पट्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली होती. ती त्याने एकोणीस वर्षांत वाचली नव्हती, कारण वाचण्याची गरजच पडली नव्हती.

लोखंड तापलेलं असताना फुगलेलं असतं आणि निवताना आक्रसतं. फुटामागे इंचाचा आठवा भाग. कारागीर त्याला एक सूत म्हणतात. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा असतो. आकडे साध्या पट्टीसारखेच, रेघाही तशाच. त्या पट्टीने नमुना घडवला की तो सूतभर मोठा होतो आणि लोखंड निवून बरोबर मापात येतं. चिंतामणीच्या खिशात दुसरी पट्टी कधी असायचीच नाही. घराच्या पायाच्या आदल्या रविवारी त्याने याच पट्टीने सहा फुटी सागवानी काठी कापून देऊच्या हातात दिली होती, "या काठीने मोज" म्हणून. आणि याच पट्टीने दारं-खिडक्या केल्या होत्या. चौकट आणि भिंत दोन्ही सारख्याच वाढल्या, म्हणून सगळं बिनबोभाट बसलं. कौलं पन्नासेक कमी पडली होती तेव्हा ती रेल्वेच्या वाघिणीत फुटली असं ठरवून त्याने कौलवाल्याला बोल लावला होता. भिंतीलगत शहाबादी फरशी बोटभर आखूड पडली तेव्हा फरशीवाल्याला दम भरला होता. आता दोघांचीही माफी मागायला हवी होती.

त्याने लछमनदासला सगळं सांगितलं. लछमनदासने नीट ऐकून घेतलं, चारी भिंतींकडे पाहिलं आणि विचारलं, "मग साईं, घर थंड झालं की बरोबर होईल?"

स्वयंपाकघरातून उमाचं हसू ऐकू आलं. चिंतामणी हसला नाही.

"मला काय तोटा?" लछमनदास म्हणाला. "बारा फुटाच्या भावात दीड इंच वर. आमचे कापडवाले गजामागे चार बोटं सोडतात, तुम्ही फुटामागे सूत सोडलं. सौदा पक्का."

पण सौदा दोघांच्या हातात नव्हता. विक्रीला मंडळीची परवानगी लागे आणि परवानगीआधी ओव्हरसियर येऊन माप घेई. नियम होता की घराच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट जागा मोकळी पाहिजे. नकाशात दर्शनी भिंत अठ्ठावीस फूट होती. प्रत्यक्षात ती अठ्ठावीस फूट साडेतीन इंच भरली. उत्तरेकडचे पाच फूट पाया आखताना धरूनच घेतले होते, त्यामुळे दक्षिणेला मोकळी जागा उरली चार फूट साडेआठ इंच. ओव्हरसियरने तसं लिहिलं आणि विक्री अडकली.

मंडळीचे सेक्रेटरी शशिकांत गुप्ते मुंबईत एका विमा कचेरीत होते. शनिवारी संध्याकाळी ते स्वतः ओसरीवर येऊन बसले.

"टिपणीस, उद्या सभा आहे. मी मार्ग काढून ठेवलाय. एक अर्ज द्या. गवंड्याच्या चुकीमुळे भिंत बाहेर गेली, इतकंच लिहा. सभासद समजून घेतील."

"चूक गवंड्याची नाही."

"मला काय ठाऊक नाही? अहो, पण तुमचं नाव कशाला? तुमच्या कारखान्यातले दोघे सभासद आहेत. पॅटर्नमेकरनेच पट्टी चुकवली हे सोमवारी सकाळी आठच्या भोंग्याआधी तिकडे पोचेल. हुबळीचं विसराच मग."

"आणि देऊ?"

"त्याचं काय जातंय? डोंगरातला माणूस."

त्याचं काय जात होतं हे चिंतामणीला पक्कं माहीत होतं. मंडळीत देऊच्या हाती तीन घरांची कामं होती. चुकीची भिंत बांधणारा गवंडी म्हणून सभेच्या पुस्तकात नाव आलं की तिन्ही कामं दुसऱ्याकडे गेली असती. गुप्ते गेल्यावर चिंतामणी खालच्या आळीत गेला. देऊ एका अर्ध्या भिंतीशी हत्यारं धूत होता. त्याची बायको चंद्री पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. बातमी तिथे आधीच पोचली होती.

"दादा," देऊ म्हणाला, "मी बांधलेली भित वळंब्यात हाय का नाय?"

"आहे."

"कोपरा काटकोनात हाय का नाय?"

"आहे, देऊ."

"मंग लोकं काय बोलतात?"

"काठी चुकली. मी कापली ती."

देऊने थापी पुसली. "काठी तुमची. मी तिला धरून चाललू. येक बोट इकडं नाय, येक बोट तिकडं नाय. तसं सांगा म्हंजे झालं."

"आमी हातानं मोजतो," चंद्री मधेच म्हणाली. "बोटापासून कोपरापत्तर. हात काय रातच्याला वाढत नाय. शिकलेल्याची काठी वाढती."

"गप गं," देऊ म्हणाला, पण हसला. चिंतामणीलाही त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात भरली. तीसेक सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून बसले होते. गुप्त्यांनी विषय वाचला आणि चिंतामणीकडे सूचक पाहिलं. चिंतामणी उठला. त्याने खिशातून पट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्या बाजूला शाळेची फूटपट्टी ठेवली. लोखंड कसं आक्रसतं, पॅटर्नमेकरची पट्टी कशी असते, काठी कोणी कापली आणि कोणाला दिली, हे त्याने पाच मिनिटांत, एक शब्द न खाता सांगितलं. शेवटी म्हणाला, "गवंड्याने दिलेल्या काठीबरहुकूम काम केलं. त्याची चूक नाही. माझी आहे. ती दुरुस्त करायची तर भिंत पाडावी लागेल. सभा म्हणत असेल तर पाडतो."

मागच्या बाकावरून आवाज आला, "टिपणीस, साडेतीन इंच जमीन फुकटात कमावलीत की!"

"फुकटात कुठे," दुसरा म्हणाला, "विटा सूतभर जास्त लागल्या असतील."

सगळे हसले. हसण्यात भिंत पाडायची गोष्ट वाहून गेली. दक्षिणेच्या शेजाऱ्याने हरकत नसल्याचं सांगितलं आणि ठराव झाला. गुप्ते तो लिहून घेऊ लागले तेव्हा चिंतामणी पुन्हा उठला.

"गवंड्याचा दोष नाही, हे ठरावात घाला."

"इतकं लिहायची गरज आहे?"

"आहे. त्याच्या नावानिशी."

गुप्त्यांनी नाक मुरडलं, पण लिहिलं.

सोमवारी भोंगा व्हायच्या आत बातमी पॅटर्न शॉपमध्ये होती. चिंतामणी बाकाशी पोचतो तोच हरिचंद्र म्हणाला, "काय टिपणीस, घर ओतायला कधी घेताय? वाळू चाळून ठेवू का?"

सगळं शॉप हसलं. रंधे थांबले. चिंतामणीने कोट खुंटीला लावला आणि कामाला लागला. दुपारी कोणीतरी त्याच्या बाकावर खडूने 'एक सूत सोडून बसावे' असं लिहून ठेवलं. तेही त्याने पुसलं नाही. चार वाजता मोडकांचं बोलावणं आलं.

"ऐकलं ते खरं?"

"खरं आहे साहेब."

"तुम्ही सभेत उभं राहून सांगितलंत?"

"हो."

मोडकांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या खरेपणाचं कौतुक आहे. पण मला हुबळीला फोरमन पाठवायचाय, साधू नाही. पट्टी चुकलेला माणूस मी बारा जणांवर बसवू? तिथे पोलाद ओतणार आहोत. त्याची पट्टी वेगळी. पितळेची वेगळी. उद्या तिथे हीच गफलत झाली तर?"

एकोणीस वर्षांत चिंतामणी या केबिनमध्ये आवाज चढवून बोलला नव्हता. आजही चढवला नाही.

"पट्टी चुकली साहेब. हात चुकला नाही. मोजून बघा."

"काय मोजून बघा?"

"घर. कुठेही फीत लावा. फुटामागे एक सूत भरेल. कुठे दोन भरलं किंवा अर्धं भरलं तर हरिचंद्रला पाठवा. मी स्वतः त्याची ट्रंक उचलतो."

मोडक म्हणाले, "रविवारी येतो."

रविवारी कंपनीची जीप बेलवलीत शिरली तेव्हा अर्धी मंडळी कुंपणांशी उभी होती. मोडक उतरले. त्यांच्या मागून हरिचंद्र उतरला. फितीचं दुसरं टोक धरायला साहेबांनी त्यालाच आणलं होतं. उमाने चहा विचारला. मोडक म्हणाले, "आधी माप."

त्यांनी दर्शनी भिंतीपासून सुरुवात केली. नकाशातले अठ्ठावीस, फितीवर अठ्ठावीस फूट साडेतीन इंच. बाजूची भिंत बत्तीस, भरली बत्तीस फूट चार इंच. ओसरीची रुंदी सहा, भरली सहा फूट पाऊण इंच. स्वयंपाकघर आठ, भरलं आठ फूट एक इंच. मग साहेब चेकाळले. खिडकी मोजली, दाराची चौकट मोजली, माळ्यावर चढून कैचीची तुळई मोजली. चार फुटी खिडकीला अर्धा इंच. एक फूट रुंदीच्या देवळीला एक सूत, मोजून एक. दोन कोपऱ्यांत तिरकी फीत धरून खोली काटकोनात आहे का तेही पाहिलं. दोन्ही तिरक्या रेषा सारख्या आल्या. मोडक आकडा सांगत आणि हरिचंद्र तो कागदावर लिहून नकाशातल्या आकड्याशी ताडून बघे. तेवीस जागा झाल्या. चिंतामणी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. तो एकदाही आत डोकावला नाही.

शेवटी मोडकांनी फीत गुंडाळली. "काय हरिचंद्र?"

हरिचंद्रने कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर दोन भाव झगडत होते. पण तोही कारागीर होता, आणि कारागिराला आकड्यापुढे खोटं बोलवत नाही.

"एकही जागा सुटली नाही साहेब," तो म्हणाला. आणि मग चिंतामणीकडे न बघता, "मला नसतं जमलं."

"भिंती कोणाच्या?" मोडकांनी विचारलं.

"देऊ ठाकराच्या," चिंतामणी म्हणाला. देऊ कुंपणापलीकडे उभा होता. मोडकांनी मान लववली. साहेबाने नेमकी कोणाकडे बघून मान लववली हे कळायला देऊला थोडा वेळ लागला.

चहा पिताना मोडक म्हणाले, "ऑर्डर उद्या काढतो. मंडळीची परवानगी झाली, गिऱ्हाईक आहे. म्हणजे मोकळे झालात."

चिंतामणी म्हणाला, "उद्या सकाळी सांगतो साहेब."

मोडकांची कपबशी हातातच राहिली. चहा संपवून ते जीपमध्ये बसले.

आता कसलीच अडचण उरली नव्हती आणि नेमकं तेव्हाच चिंतामणीचं पाऊल अडलं. आतापर्यंत हे घर त्याला बांधून घालणारं म्हणून सगळे बोलत होते. आज तेवीस ठिकाणी मोजलं गेल्यावर ते त्याच्या हाताचं प्रमाणपत्र झालं होतं. असली गोष्ट कोणी विकतं? तो मागच्या दारी गेला. माई पायरीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. उमा तिच्याजवळ होती.

"मी नाही म्हणणार आहे," तो म्हणाला.

उमाने मान वर केली. "आज? मोडक तोंडावर हो म्हणून गेल्यावर?"

"म्हणूनच. काल नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, घराने अडकवला. आज मला जाता येतंय आणि मी जात नाही. यात फरक आहे."

"फरक आहे," माई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "पण तो लोकांसाठी. तुझ्यासाठी बाक तोच."

"माई, तुझ्यासाठीच म्हणतोय. सत्तरी आली तुझी. आता कुठे स्वतःच्या घरात बसलीस."

"माझ्या नावावर ढकलू नकोस." माईने एक वाल पिळून ताटात टाकला. "तुझ्या वडिलांच्या बदल्यांत अकरा बिऱ्हाडं मी हलवली. अकराही वेळा घरमालक दारात उभा राहून भिंतीत खिळे किती मारले ते मोजायचा. एकाने माझ्या देवाच्या फळीचं भोक बुजवायला लावलं, गाडी सुटायची वेळ झालेली असताना. मान खाली घालून निघायचं. कोणी हुसकलेलं नसायचं, पण वाटायचं तसंच." ती थांबली. "या खेपेला मालक आपण. आपण बांधलं, आपण विकलं, आपल्या मर्जीने वरच्या जागेवर चाललो. हे एकदा मला बघू दे रे. बसून काय, मी कुठेही बसेन."

"हुबळीला कानडी बोलतात."

"वाल मिळतात ना?"

"मिळत असतील."

"मग झालं."

उमा पदर तोंडाला लावून हसत होती. चिंतामणी पायरीवर माईच्या शेजारी बसला. त्याने ताटातला एक वाल उचलला आणि सोलायचा प्रयत्न केला. तो निसटला. "असू दे," माई म्हणाली, "तुझं काम ते नाही."

अकरा घरं सोडलेल्या बाईला त्याने बारावं घर कायमचं म्हणून दिलं होतं, आणि ते आपलं आहे म्हणूनच ते सोडता येतं, हे तिलाच सांगावं लागलं. घर त्याला बांधून घालत नव्हतं. शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र गळ्यात अडकवून बाकावर बसून राहणारा कारागीर त्याने पाहिला होता. त्याला तसं व्हायचं नव्हतं. सोमवारी भोंग्याच्या आधी तो मोडकांच्या केबिनपाशी उभा होता.

खरेदीखत कल्याणच्या कचेरीत झालं. लछमनदास बायकोला घेऊन आला होता. सही केल्यावर तो चिंतामणीला म्हणाला, "साईं, तुम्ही विकून चाललात. आम्हाला विकायला कोणी वेळ दिला नाही. म्हणून सांगतो, ताठ मानेने जा." चिंतामणीने लछमनदासचा हात दोन्ही हातांत धरला.

दसऱ्याच्या चार दिवस आधी सामान निघालं. देऊ आणि चंद्री बोलावल्याशिवाय आले. हत्यारांची पेटी देऊने एकट्याने उचलून गाडीवर ठेवली. माईने देवाची फळी भिंतीवरून काढली. भोक राहिलं. लछमनदासची बायको म्हणाली, "रहने दो माताजी, इथे मी माझे झुलेलाल लावीन." माईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मान वर करून पुढच्या दाराने बाहेर पडली. कुंपणापर्यंत तिने कोणाचाही हात धरला नाही.

गाडीवान बैल जुंपत होता. देऊ चिंतामणीपाशी आला.

"दादा, तिकडं जागा घेणार ना?"

"बघू. वर्ष-दोन वर्षांनी."

"पानी कुठलं तिकडं? हिरीचं का नदीचं?"

"अजून माहीत नाही."

"मंग आधी पानी बघा, मंग जागा," देऊ म्हणाला. "आन मना चिठी पाठवा. भित मी बांधीन. कल्याणच्या पुढं कदी गेलू नाय, पन गाडी जातीच ना हुबळीला?"

"थेट नाही. पुण्याला बदलावी लागते."

"बदलीन," देऊ म्हणाला.